चालत्या कर्नलमध्ये मॉड्यूल घालणे : रचना, व्यवहार आणि जबाबदारी

१. विषयप्रवेश

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ अँटेना सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ अँटेना तीन भुजांवर, जुन्नर-आंबेगावच्या परिसरातील शेतशिवारांतून, पसरलेल्या आहेत. परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगातील वैज्ञानिकांना अर्पण करण्यात आली.

या दुर्बिणीत आलेल्या संकेतांचे गणित आरंभी खास घडविलेली इलेक्ट्रॉनिक मंडले करीत असत. पुढे हे काम सामान्य संगणकांवर सोपविण्यात आले. या नव्या व्यवस्थेचा वृत्तान्त जयंत रॉय, यशवंत गुप्ता, ऊ-ली पेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये 'एक्सपेरिमेंटल अ‍ॅस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ३२ अँटेनांची सोय, दोन ध्रुवीकरणे आणि ३३ मेगाहर्ट्झची पट्टारुंदी असलेली ही व्यवस्था बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतूनच उभी केलेली होती. संकेतांचे अंकांत रूपांतर करणारी पीसीआय कार्डे आणि लिनक्सवर चालणाऱ्या ४८ संगणकांचा समूह ही तिची मुख्य अंगे होत.

खगोलशास्त्राच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व स्वतंत्र आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान, परंतु त्याच्या मुळाशी असलेला आहे. कार्ड एका कारखान्यात घडते, लिनक्स जगभरचे अनेक लोक मिळून लिहितात; या दोहोंची भेट कोठे होते? ती होते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामात, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुधा 'लोड करता येणाऱ्या मॉड्यूल'च्या रूपाने वावरतो. असे मॉड्यूल कसे लिहिले जाते, चालत्या यंत्रात ते कसे शिरते आणि ते लिहिणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. हा विषय केवळ दुर्बिणीच्या अभ्यासकांचा नव्हे. बोलीच्या ध्वनिमुद्रणासाठी भाषाशास्त्राचा विद्यार्थी यूएसबी मायक्रोफोन लिनक्सच्या संगणकास जोडतो, त्या क्षणी 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' नावाचे एक मॉड्यूल आपोआप कर्नलमध्ये येऊन बसते, आणि मगच ध्वनी ऐकू येतो.

२. कर्नल : गाभा आणि गाभारा

'कर्नल' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ धान्याचा दाणा किंवा बीजातील गर असा आहे. मराठीत त्यास 'गाभा' हा शब्द चांगला शोभतो. 'गाभा' हा शब्द संस्कृत 'गर्भ' या शब्दापासून आलेला असून 'गाभारा' हा शब्दही त्याच घराण्यातील आहे. ही नातेवाईक शब्दांची जोडी प्रस्तुत विषयात उपयोगी पडते. कर्नल हे संचालन-प्रणालीचे सार म्हणून गाभा होय, आणि तेथे सर्वांस प्रवेश नसल्यामुळे ते गाभाराही होय.

हा प्रवेशाचा भेद केवळ संकेताने पाळलेला नसतो. प्रोसेसरच्या घडणीतच अधिकाराच्या निरनिराळ्या पायऱ्या असतात. इंटेलच्या परंपरेतील प्रोसेसरमध्ये कर्नल शून्याच्या पायरीवर चालते आणि इतर सर्व प्रोग्राम तिसऱ्या पायरीवर चालतात. साध्या प्रोग्रामास स्वतःच्या वाट्याची मेमरी तेवढी दिसते. कार्डाशी अथवा डिस्कशी तो स्वतःहून बोलू शकत नाही. त्याने नसत्या पत्त्यावर हात घातला तर प्रोसेसर ते पकडतो, कर्नल त्या एका प्रोग्रामास थांबविते आणि बाकीचा संसार सुरळीत चालू राहतो.

साध्या प्रोग्रामास कर्नलकडून काही करवून घ्यावयाचे असेल तर त्याने ठरलेल्या वाटेनेच गेले पाहिजे. जुन्नरच्या पश्चिमेस असलेल्या नाणेघाटाची आठवण येथे साहजिक होते. कोकणातून देशावर येणारा माल सातवाहनांच्या काळी या घाटाने वर चढत असे, आणि परंपरेने जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आजही घाटाच्या माथ्यावर आहे. 'सिस्टीम कॉल' ही संगणकातील तशीच घाटवाट होय. फाइल उघडणे, वाचणे, मेमरी मागणे या सर्वांसाठी प्रोग्राम या वाटेवर येतो. तेथे त्याची मागणी तपासली जाते, आणि काम झाल्यावर त्यास परत पाठविले जाते.

मॉड्यूलची स्थिती याहून अगदी वेगळी आहे. ते घाट चढून येणारे वाटसरू नसते. एकदा आत आले की ते गाभ्याचाच भाग होते. त्यास कर्नलची सर्व मेमरी दिसते, सर्व अधिकार मिळतात आणि त्याच्यावर देखरेख करणारे वरचे कोणी उरत नाही.

मग अशा घटकाची गरजच का पडावी? सर्व ड्रायव्हर प्रथमपासून कर्नलमध्ये बांधून टाकता येणार नाहीत काय? तत्त्वतः येतील. परंतु जगातील सहस्रावधी उपकरणांपैकी एका यंत्रास थोडीच लागतात. बाकीच्यांचे ओझे मेमरीत वागविणे व्यर्थ होय. शिवाय एका ड्रायव्हरातील एक ओळ बदलली तर संपूर्ण कर्नल पुन्हा बांधून यंत्र बंद करून चालू करावे लागेल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला, आणि १९९०-२००० या दशकाच्या मध्यास त्यात मॉड्यूलांची सोय आली. आज प्रचलित असलेली मॉड्यूल भरण्याची पद्धत २००३ च्या अखेरीस निघालेल्या २.६ या आवृत्तीबरोबर रूढ झाली.

३. सर्वांत लहान मॉड्यूल

सर्वांत साधे मॉड्यूल दहा-पंधरा ओळींचे असते. ते 'सी' भाषेत लिहितात. त्याचे चार भाग सांगता येतात.

पहिला भाग शीर्ष-फाइलींचा. 'लिनक्स' या संचिकेतील 'मॉड्यूल' आणि 'इनिट' या दोन शीर्ष-फाइली आरंभी समाविष्ट कराव्या लागतात. साध्या सी प्रोग्रामात असते ती छपाईची नेहमीची शीर्ष-फाइल येथे नसते, कारण सी भाषेचे नित्याचे ग्रंथालय कर्नलच्या आत उपलब्धच नाही. त्यामुळे 'प्रिंट-एफ' हे परिचित फंक्शन वापरता येत नाही. त्याच्या जागी 'प्रिंट-के' हे कर्नलचे स्वतःचे फंक्शन, किंवा 'पीआर-इन्फो' हे त्याचे सुटसुटीत रूप, वापरावयाचे असते. त्याने लिहिलेला मजकूर पडद्यावर जाण्याऐवजी कर्नलच्या नोंदवहीत जातो.

दुसरा भाग प्रवेशाच्या फंक्शनाचा. साध्या प्रोग्रामात 'मेन' नावाचे फंक्शन असते. ते आरंभापासून अखेरपर्यंत चालते आणि ते संपले की प्रोग्राम संपतो. मॉड्यूलमध्ये 'मेन' नसते. प्रवेशाचे फंक्शन चालते, आपली नोंद करते आणि संपते. मॉड्यूल मात्र मागे राहते आणि कोणी हाक मारील तेव्हा कामास येते. नवशिक्याची पहिली अडचण बहुधा येथेच असते. मॉड्यूल ही सलग चालणारी कथा नव्हे. व्याकरणातील नियमाप्रमाणे, प्रसंग उत्पन्न झाला म्हणजेच प्रवृत्त होणारी ती तरतूद आहे.

प्रवेशाच्या फंक्शनाने एक पूर्णांक परत द्यावयाचा असतो. शून्य म्हणजे सर्व ठीक. ऋण संख्या म्हणजे अपयश. उदाहरणार्थ, मेमरी न मिळाल्यास उणे १२. ऋण उत्तर आले की कर्नल मॉड्यूलला आत ठेवून घेत नाही. यशास शून्य आणि अपयशास निरनिराळ्या संख्या हा संकेत प्रथमदर्शनी उलटा वाटेल. परंतु यश एकाच प्रकारचे असते आणि अपयशाची कारणे अनेक, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे औचित्य पटते.

तिसरा भाग निर्गमनाच्या फंक्शनाचा. ते काही परत देत नाही. प्रवेशाच्या वेळी जे जे घेतले ते ते परत करणे हेच त्याचे काम. प्रवेशाचे फंक्शन असून निर्गमनाचे फंक्शन नसलेले मॉड्यूल यंत्र चालू असेपर्यंत सामान्य रीतीने बाहेर काढता येत नाही. आत कसे यावे हे सांगून बाहेर कसे जावे हे न सांगणाऱ्यास कर्नल कायमचा रहिवासी मानते.

चौथा भाग घोषणांचा. 'मॉड्यूल-इनिट' आणि 'मॉड्यूल-एक्झिट' या दोन घोषणा प्रवेशाचे आणि निर्गमनाचे फंक्शन कोणते ते सांगतात. 'मॉड्यूल-लायसन्स' ही घोषणा परवाना सांगते. ही तिसरी घोषणा शोभेची समजू नये. आजच्या कर्नलमध्ये ती नसल्यास मॉड्यूलची बांधणीच अडते. तिचे कारण पुढे येईल.

दोन्ही फंक्शनांपूर्वी 'स्टॅटिक' हा शब्द लिहिण्याचा प्रघात आहे. त्यामुळे त्यांची नावे त्या फाइलीपुरतीच राहतात. कर्नलच्या आत नावांचे एकच मोठे गाव असल्यामुळे एका नावाच्या दोन आसामी निर्माण होऊ न देण्याची काळजी लेखकाने घ्यावयाची असते.

४. अनुबंध आणि लोप

या छोट्या मॉड्यूलातील एक बारकावा व्याकरणाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. प्रवेशाच्या फंक्शनाच्या नावाआधी दोन अधोरेषा आणि 'इनिट' अशी एक खूण लिहितात. फंक्शन काय करते याच्याशी या खुणेचा काहीही संबंध नसतो. ती कंपायलरला एवढेच सांगते की हा भाग वेगळ्या कप्प्यात ठेवावा. प्रवेश यशस्वी झाला की कर्नल तो कप्पा रिकामा करून मेमरी परत घेते; कारण प्रवेश एकदाच व्हावयाचा असतो.

पाणिनीय व्याकरणात अनुबंधाची जी योजना आहे तिच्याशी याचे साम्य स्पष्ट आहे. 'क्त' या प्रत्ययातील 'क्' हा इत्संज्ञक वर्ण उच्चारात राहण्यासाठी नसतोच. धातूच्या स्वरास गुण होऊ देऊ नये, एवढी सूचना देऊन तो लोप पावतो. म्हणून 'कृ' धातूपासून 'कृत' असे रूप सिद्ध होते. 'तव्य' प्रत्ययास असा अनुबंध नसल्यामुळे तेथे गुण होतो आणि 'कर्तव्य' हे रूप मिळते. सिद्ध रूपात 'क्' कोठेही दिसत नाही, परंतु रूपाची घडण त्यानेच ठरविलेली असते. 'इनिट'ची खूणही अशीच बांधणाऱ्यास उद्देशून असते.

साम्य येथेच थांबते हेही नमूद केले पाहिजे. पाणिनीय प्रक्रियेत लोप पावतो तो अनुबंध. येथे खुणेबरोबर खूण केलेला संपूर्ण भागच जातो. म्हणून मॉड्यूलच्या उरलेल्या भागातून या नाहीशा झालेल्या फंक्शनास पुन्हा हाक मारणे ही गंभीर चूक ठरते. त्या पत्त्यावर आता दुसरेच काही नांदत असू शकते.

५. बांधणी

मॉड्यूल हे साध्या प्रोग्रामाप्रमाणे एकटे कंपाइल करता येत नाही. ज्या कर्नलमध्ये ते जावयाचे, त्याच कर्नलच्या बांधणी-व्यवस्थेकडून ते बांधून घ्यावे लागते. त्यासाठी मॉड्यूलच्या फाइलीशेजारी 'मेकफाइल' ठेवतात. तिच्यात मुख्यतः एकच ओळ असते : अमुक फाइल मॉड्यूल म्हणून बांधावी. नंतर 'मेक' या आज्ञेस चालत्या कर्नलच्या बांधणी-संचिकेचा पत्ता आणि आपल्या संचिकेचा पत्ता द्यावयाचा. परिणामी 'केओ' हे विस्तारनाम असलेली फाइल तयार होते.

या फाइलीत यंत्रभाषेतील आज्ञांबरोबर काही माहितीही असते. 'मॉडइन्फो' ही आज्ञा दिली की ती वाचता येते. त्यात कर्नलची आवृत्ती आणि बांधणीचे काही ठळक पर्याय सांगणारी एक ओळ असते. तिला 'व्हर्मॅजिक' म्हणतात. ती चालत्या कर्नलच्या ओळीशी जुळली नाही तर कर्नल सामान्यतः मॉड्यूल नाकारते. हा कठोरपणा निष्कारण नाही. कर्नलच्या अंतर्गत रचनेत एखाद्या नोंदीतील घरांचा क्रम जरी बदलला, तरी जुन्या क्रमाने बांधलेले मॉड्यूल चुकीच्या घरात लिहील, आणि ते चुकीचे आहे हे सांगणारे कोणी नसेल.

६. जोडणी

फाइल तयार झाल्यावर ती 'इन्स्मॉड' या आज्ञेने कर्नलला द्यावयाची. हा अधिकार सामान्य वापरकर्त्यास नसतो. आज्ञा दिल्यानंतर जे घडते त्याचा क्रम असा आहे :

प्रथम मागणाऱ्याचा अधिकार तपासला जातो. फाइलीवर स्वाक्षरीची सक्ती असेल तर ती पाहिली जाते. फाइलीचा साचा आणि आवृत्तीची ओळ तपासली जाते. मग कर्नल मॉड्यूलसाठी मेमरी राखून त्यात मजकूर उतरविते.

यानंतरचे काम नावांचा उलगडा करण्याचे. मॉड्यूलमध्ये 'प्रिंट-के'सारख्या फंक्शनांची केवळ नावे असतात, पत्ते नसतात. मजकुरातील सर्वनामाचा निर्देश कोणाकडे आहे हे वाचकाने संदर्भाने ठरवावे, त्याप्रमाणे कर्नल प्रत्येक नावाचा पत्ता आपल्या यादीत शोधून त्या जागी भरते. मात्र वाचकास तर्क चालविता येतो, कर्नलला येत नाही. यादीत नाव सापडले नाही तर मॉड्यूल नाकारले जाते. कर्नलमधील सर्वच फंक्शनांची नावे या यादीत नसतात. कर्नलच्या लेखकांनी जी मुद्दाम बाहेरच्यांसाठी खुली केली तेवढीच तेथे मिळतात, आणि त्यांतीलही काही जीपीएल या मुक्त परवान्याशी सुसंगत मॉड्यूलांनाच दिली जातात.

पत्ते भरून झाले की प्रवेशाचे फंक्शन चालविले जाते. ते शून्य परत आणील तर जोडणी पूर्ण झाली. 'एलएसमॉड' ही आज्ञा दिली असता यादीत मॉड्यूलचे नाव, त्याने व्यापलेली मेमरी आणि त्याचा वापर करणाऱ्यांची संख्या दिसते. ही शेवटची संख्या महत्त्वाची आहे. ती शून्य नसेल तर 'आरएममॉड' ही बाहेर काढण्याची आज्ञा कर्नल मानीत नाही, कारण कोणी उभे असताना त्याच्या पायाखालची फळी काढावयाची नसते. एक मॉड्यूल दुसऱ्यावर अवलंबून असेल तर 'मॉडप्रोब' ही आज्ञा आधीच तयार असलेली अवलंबनांची यादी पाहून दोन्ही योग्य क्रमाने भरते.

प्रवेशाच्या फंक्शनाने लिहिलेला मजकूर 'डीमेसेज' या आज्ञेने वाचता येतो. तो मराठीत लिहिण्यासही अडचण नाही. तथापि कर्नल त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे समजून घेण्यासारखे आहे. 'नमस्कार' हा शब्द वाचकास चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात हलन्त-चिन्ह आणि काना धरून सात चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत त्यांचे २१ बाइट होतात. कर्नलच्या लेखी हे केवळ २१ बाइट होत. अक्षर, जोडाक्षर, मात्रा यांची जाण त्यास नसते. ती जाण बाहेर, मजकूर पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रामाकडे, असते. कोणते ज्ञान गाभ्यात ठेवावे आणि कोणते बाहेर, याचे हे एक स्वच्छ उदाहरण आहे : जे काम बाहेर होऊ शकते ते आत आणावयाचे नाही.

७. साध्या मॉड्यूलपासून कार्डाच्या ड्रायव्हरपर्यंत

नमस्कार करून थांबणारे मॉड्यूल आणि पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर यांचा सांगाडा एकच असतो. मध्ये मांस भरलेले असते. ड्रायव्हराच्या प्रवेश-फंक्शनात कर्नलकडे एक तक्ता नोंदविला जातो. त्यात अमुक उत्पादकाचा अमुक क्रमांक अशा ओळखी असतात. तशा ओळखीचे कार्ड यंत्रात आढळले की कर्नल ड्रायव्हराच्या 'प्रोब' नावाच्या फंक्शनास हाक मारते. ते कार्ड जागे करते, त्याची मेमरी ताब्यात घेते आणि कार्डाने हाक दिल्यास कोणते फंक्शन चालावयाचे ते ठरवून देते. कार्डाच्या या हाकेस 'इंटरप्ट' म्हणतात.

रेडिओ दुर्बिणीसारख्या कामात किती माहिती येते याचा अंदाज तोंडी गणितानेही करता येतो. ३२ अँटेना आणि दोन ध्रुवीकरणे म्हणजे ६४ संकेत. ३३ मेगाहर्ट्झची पट्टारुंदी अंकांत उतरवावयाची तर प्रत्येक संकेताचे सेकंदास किमान ६ कोटी ६० लक्ष नमुने घेतले पाहिजेत. ६४ संकेतांचे मिळून ४२२ कोटी नमुने होतात. एका नमुन्यास अर्धा बाइट दिला तरी सेकंदास २११ कोटी बाइट झाले. ३२ बिटांची आणि ३३ मेगाहर्ट्झची मूळ पीसीआय वाहिनी सेकंदास जास्तीत जास्त १३.३ कोटी बाइट वाहून नेते. अशा किमान १६ वाहिन्या लागतील, आणि त्याही क्षणभर न थांबता. हे काम एका यंत्राचे का नव्हे, समूहाचे का आहे, ते यावरून कळून येईल.

इतक्या वेगाने प्रोसेसरने एकेक नमुना उचलून ठेवणे शक्य नाही. म्हणून कार्ड स्वतःच मेमरीत लिहिते. या रीतीस 'डीएमए' म्हणतात. ड्रायव्हर मेमरीचे काही तुकडे वर्तुळाकार क्रमाने मांडून देतो. राहाटगाडग्याची मडकी एका बाजूस भरत जातात आणि दुसऱ्या बाजूस रिकामी होत जातात, तशी ही योजना असते. तुकडा भरला की कार्ड इंटरप्ट देते, ड्रायव्हर भरलेला तुकडा गणित करणाऱ्या साध्या प्रोग्रामास दाखवितो, आणि कार्ड पुढच्या तुकड्याकडे वळते. मडके रिकामे होण्यापूर्वी पुन्हा पाण्याखाली आले तर त्यातील पाणी वाया जाते. येथे त्या क्षणाचे नमुने कायमचे नाहीसे होतात. पल्सारचा एखादा स्पंद ज्या क्षणी आला तो क्षण पुन्हा येत नाही.

येथे कामाची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. ड्रायव्हराने करावयाचे ते अत्यल्प. संकेतांचे मोठे गणित बाहेर, साध्या प्रोग्रामातच करावयाचे. इंटरप्टच्या वेळी चालणाऱ्या फंक्शनाने तर कशाचीही वाट पाहत झोपी जाता कामा नये, कारण त्याने इतरांचे काम थांबवून धरलेले असते.

८. चुकीचे स्वरूप

साध्या प्रोग्रामातील चूक त्या प्रोग्रामापुरती असते. मॉड्यूलमधील चूक संपूर्ण यंत्राची असते. चुकीच्या पत्त्यावर हात गेला आणि ते प्रोसेसरच्या ध्यानात आले, तर कर्नल 'ऊप्स' या नावाची नोंद लिहिते आणि बहुधा लंगडत पुढे चालते. प्रसंग अधिक बिकट असल्यास सर्व काम थांबविते. परंतु याहून वाईट प्रकार ध्यानात न येणाऱ्या चुकीचा होय. मॉड्यूलने दुसऱ्या कोणाच्या मेमरीत गुपचूप लिहिले तर यंत्र कोसळत नाही, मोजमाप तेवढे खोटे पडते. बंद पडलेले उपकरण संशोधकास सावध करते. चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने देणारे उपकरण त्यास फसविते.

म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळली जातात. कर्नलमधील प्रत्येक कामास मिळणारा स्टॅक अतिशय लहान, आजच्या ६४ बिटांच्या इंटेल-परंपरेतील यंत्रांवर १६ किलोबाइटांचा, असतो. त्यावर मोठे तक्ते मांडावयाचे नाहीत. दशांश अपूर्णांकांचे गणित सामान्यतः आत करावयाचे नाही. बाहेरच्या प्रोग्रामाने दिलेला पत्ता खरा मानून सरळ वाचावयाचा नाही. त्यासाठी तपासून नकल करणारी वेगळी फंक्शने आहेत. सर्वांत महत्त्वाचे पथ्य परतफेडीचे. प्रवेश करताना चार वस्तू घेतल्या आणि चौथी मिळाली नाही, तर तिसरी, दुसरी आणि पहिली अशा उलट क्रमाने परत करूनच अपयशाची संख्या द्यावयाची. अनुभवी लेखकाचे मॉड्यूल ओळखावयाचे ते त्याच्या यशाच्या वाटेवरून नव्हे, या माघारीच्या वाटेवरून.

अभ्यास करणाऱ्याने पहिली मॉड्यूले आभासी यंत्रात चालवावीत. तेथे यंत्र कोसळले तरी एक खिडकी बंद होते, एवढेच.

९. परवाना आणि विश्वास

गाभाऱ्यात कोणास येऊ द्यावे हा प्रश्न तांत्रिक आहे तसा नैतिकही आहे. लिनक्सने त्याचे उत्तर दोन प्रकारांनी दिले आहे. पहिला प्रकार नोंदीचा. जीपीएलशी न जुळणाऱ्या परवान्याचे अथवा मूळ वृक्षाबाहेर बांधलेले मॉड्यूल आत आले की कर्नल स्वतःवर तशी खूण करून घेते. या स्थितीस 'टेंटेड' म्हणतात. यात शिक्षा नाही, प्रामाणिकपणा आहे. पुढे बिघाड झाला तर तपासणाऱ्यास कळावे की ज्याचा मूळ मजकूर आपण वाचू शकत नाही असे काहीतरी आत होते. मॉड्यूलने परवाना घोषित करण्याची सक्ती आहे ती या कारणाने. दुसरा प्रकार स्वाक्षरीचा. २०१२ च्या अखेरीपासून कर्नलला केवळ ओळखीच्या किल्लीने स्वाक्षरी केलेलीच मॉड्यूले स्वीकारण्यास सांगता येते.

हा प्रश्न मोठ्या उपकरणांना अधिकच जाणवतो. खोडदच्या दुर्बिणीचे पुढे नूतनीकरण झाले आणि ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची पट्टारुंदी हाताळणारी नवी व्यवस्था आली. तिच्यात ग्राफिक प्रोसेसरांवर गणित चालते, आणि ग्राफिक प्रोसेसर म्हटला की त्याचेही मॉड्यूल आले. एन्व्हिडिया कंपनीने आपल्या ग्राफिक प्रोसेसरांच्या कर्नल-मॉड्यूलांचा मूळ मजकूर मे २०२२ मध्ये खुला केला. तोपर्यंत जगातील अनेक प्रयोगशाळांच्या गाभाऱ्यात न वाचता येणारा मजकूर नांदत होता.

१०. समारोप

लिनक्सच्या व्यवहारात एक भेद कसोशीने पाळला जातो. बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेले वचन, म्हणजे सिस्टीम कॉलची घाटवाट, मोडावयाचे नाही. परंतु गाभ्याच्या आतील रचना कोणत्याही आवृत्तीत बदलण्यास मोकळीक आहे. परिणाम असा की पंधरा वर्षांपूर्वीचा साधा प्रोग्राम आजही बहुधा चालतो. पंधरा वर्षांपूर्वीचे मॉड्यूल बहुधा बांधलेही जात नाही.

विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने या गोष्टीचा अर्थ गंभीर आहे. एखाद्या विभागाकडे मोजमापाचे चांगले कार्ड असते. ते झिजलेले नसते, मोडलेले नसते. तथापि त्याचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बांधलेला असतो, मूळ मजकूर विक्रेत्याने दिलेला नसतो किंवा तो वाचणारे कोणी विभागात उरलेले नसते. मग दोनच मार्ग राहतात : असुरक्षित होत चाललेली जुनी प्रणाली तशीच चालवीत राहणे, अथवा धडधाकट उपकरण अडगळीत टाकणे. मूळ मजकूर जवळ असेल आणि तो समजणारा विद्यार्थी असेल, तर अनेकदा काही फंक्शनांची बदललेली नावे आणि बदललेले क्रम दुरुस्त करूनच ते उपकरण पुन्हा कामास लागते.

तेव्हा उपकरण विकत घेताना ड्रायव्हराचा मूळ मजकूर मागून घेणे, तो बांधण्याची रीत लिहून ठेवणे आणि प्रत्येक तुकडीतील दोन-तीन विद्यार्थ्यांनी तरी नमस्कार करणारे ते दहा ओळींचे मॉड्यूल स्वहस्ते घालून आणि काढून पाहणे, या तीन गोष्टी कोणत्याही विभागास आपल्या खर्चात आणि आपल्या वेळात करता येण्यासारख्या आहेत. खोडदच्या शिवारात बाजारात मिळणाऱ्या कार्डांतून आणि संगणकांतून जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी संगणकाच्या प्रत्येक थराशी स्वतः परिचय करून घेण्याची तयारी होती. त्या परिचयाची पहिली पायरी हे लहान मॉड्यूल होय.